टाकीतल्या पाण्याचा फेर

ऑक्सिजनला पाण्यातून वाट काढायची मुळीच घाई नसते. हवेत तो ज्या गतीनं पसरतो, तिच्या साधारण दहा हजारपट संथ गतीनं तो पाण्यात पसरतो. पाणी अगदी निश्चल धरलं, तर वरच्या थरात विरघळलेला ऑक्सिजन फूटभर खाली पोचायला हिशेबानं कित्येक महिने लागतात. घरातल्या काचेच्या टाकीत पाणी इतकं निश्चल कधीच नसतं, हे खरं. मासे शेपट्या हलवतात, रात्री वरचा थर निवतो आणि जड होऊन खाली उतरतो, आणि तेवढ्यानंही थोडंफार भागतं. पण टाकीत दहा-बारा मासे असले, तळाशी त्यांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजत असलं, की हे 'थोडंफार' पुरत नाही. तळाचं पाणी वर आणायचं, त्याची हवेशी गाठ घालून द्यायची आणि परत खाली पाठवायचं, हे काम कुणीतरी करावं लागतं. टाकीत प्रवाह हवा तो एवढ्यासाठी. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली की दुकानातल्या पंपांच्या रांगेसमोर उभं राहिल्यावर पडणारे बरेचसे प्रश्न सुटतात, कारण मग विचारायचं एवढंच उरतं : हे यंत्र पाण्याचा फेर पुरा करतं का? पाणी किती जोरात धावतं ही बाब दुय्यम आहे, आणि घरोघरीच्या टाक्यांमधली निम्मी गडबड या दोहोंची गल्लत केल्यानं होते.

पहिली गल्लत बुडबुड्यांची. एअर पंपाची नळी टाकीत सोडली, टोकाला दगड लावला, बुडबुड्यांची माळ वर जाऊ लागली, की 'पाण्यात ऑक्सिजन सोडला' असं सगळे म्हणतात. फूट-सव्वा फूट खोल टाकीत बुडबुडा तळापासून वर यायला एक-दीड सेकंद लागतो. एवढ्या वेळात तो पाण्याला थोडा ऑक्सिजन देतो, नाही असं नाही, पण मोठं काम तो वेगळ्याच रीतीनं करतो. बुडबुड्यांनी भरलेला पाण्याचा स्तंभ आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हलका होतो, वर चढतो, पृष्ठभागावर पसरतो, आणि त्याची जागा घ्यायला तळाचं पाणी सरकतं. वर आल्यावर बुडबुडे फुटतात, पृष्ठभाग थरथरतो, प्रथिनांचा नि तेलाचा जो पातळ तवंग साचलेला असतो तो मोडतो. खरी देवाणघेवाण त्या थरथरणाऱ्या पृष्ठभागावर होते. म्हणून तळापासून वर येणारी बुडबुड्यांची सरळ रांग टाकीच्या एका कोपऱ्यात असली तरी चालते, पण तोच दगड सजावटीच्या किल्ल्याखाली दडवला तर पंप चालू असूनही अर्धी टाकी पडूनच राहते.

चांदवडसारख्या गावात पाणी फिरतं ठेवण्याच्या गरजेला जास्त धार येते. गाव सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीकडे जातो, आणि पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेकडच्या खोलीतल्या टाकीचं पाणी सहज ३० अंशांच्या वर चढतं. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६, ३५ अंशांना ६.९. सहाशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून यातून आणखी सहा-सात टक्के वजा करायचे. शिवाय पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज ढोबळमानानं दुप्पट होते. म्हणजे मिळकत घटते त्याच वेळी खर्च वाढतो. शेततळ्यात मासे सोडणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत अशी बरीच तळी झाली, आणि ज्यांनी त्यांत रोहू-कटला सोडला त्यांना पहाटे माशांनी तोंडं वर काढणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. रात्रभर शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ सगळेच ऑक्सिजन ओढतात, आणि पहाटे शिल्लक सगळ्यांत कमी असते. घरच्या टाकीतही मासे दिवसा ठणठणीत दिसतात आणि सकाळी एखादा उताणा सापडतो, त्यामागे बहुधा हेच गणित असतं.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो बिनतोड वाटतो. हिवताप-डेंग्यूच्या मोहिमेत आरोग्य खात्याची माणसं हौदात, टाक्यांत गप्पी मासे सोडतात. तिथं ना पंप ना नळी, तरी गप्पी जगतात, वाढतात, पिलं घालतात. मग काचेच्या टाकीलाच एवढे चोचले कशाला? उत्तर हौदाच्या आकारात आहे. हौद रुंद असतो, वरून उघडा असतो, पाण्याच्या मानानं हवेला टेकलेला भाग मोठा असतो, मासे बोटभर लांबीचे नि थोडे असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांना रोज मुठीनं खाद्य कुणी टाकत नाही. गप्पी वरच्या वर राहतो, त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडणारं, त्यामुळे अडचणीच्या वेळी हवेला लागून असलेल्या अगदी वरच्या थरातलं पाणी तो कल्ल्यांतून घेतो. आता याच्या उलट दिवाणखान्यातली उंच, अरुंद टाकी घ्या, किंवा गळ्याशी निमुळता होणारा काचेचा गोल बोल घ्या. बोल गळ्यापर्यंत भरला की त्याचा पृष्ठभाग बशीएवढा उरतो, आणि त्यात आपण सोडतो गोल्डफिश, म्हणजे भरपूर खाणारा, भरपूर घाण करणारा आणि थंड पाण्याचा मासा. हौदातला गप्पी आक्षेपाच्या बाजूनं साक्ष देतो असं वाटतं, पण तो सांगतो ते एवढंच की पृष्ठभाग पुरेसा मोठा आणि भार हलका असेल तर प्रवाहाची गरज कमी होते. मला तर हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी धडा वाटतो : पंप घेण्याआधी टाकी उंच न घेता पसरट घ्यावी, आणि मासे दोन कमी घ्यावेत.

दुसरा आक्षेप वनस्पतींचा, आणि तो पावणेदोनशे वर्षं जुना आहे. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाचं गवत आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ती जगवून दाखवली, आणि 'समतोल' मत्स्यपेटीची कल्पना रूढ झाली. कल्पना देखणी आहे, पण मोठ्या मत्स्यालयांना तेवढ्यावर भागेना. विल्यम ऑल्फर्ड लॉइडनं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय १८७१ साली उभारलं, तेव्हा दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा किती तरी मोठा साठा खाली अंधारात ठेवला आणि पंपानं पाणी रात्रंदिवस फिरवत ठेवलं. पुढे जगभरच्या मत्स्यालयांनी याच तत्त्वाचा अवलंब केला, आणि मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालयही फिरत्या पाण्याच्याच युगातलं. वनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात, रात्री घेतात, ही शाळेतली गोष्ट इथं आडवी येते. वनस्पतींच्या बाजूनं असंही म्हणतात की पृष्ठभाग फार घुसळला तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि झाडं उपाशी राहतात. सिलिंडरनं कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या हौशी माणसाच्या बाबतीत हे खरं आहे. त्यानं दिवसा पाणी नुसतं हलतं ठेवावं आणि एअर पंप रात्री चालवावा. पण ज्यांच्या टाकीत सिलिंडर नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या, तिथं पृष्ठभागावरची हालचाल झाडांनी वापरलेला वायू हवेतून परत आणायलाच मदत करते.

आता साधनांकडे वळू. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर हा सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते साध्या घरगुती टाकीसाठी सर्वांत शहाणा पर्याय. स्पंजच्या मधल्या नळीत बुडबुडे चढतात, पाणी त्यांच्याबरोबर ओढलं जातं, आणि ते स्पंजमधून गाळूनच आत येतं. नळी जितकी खोल बुडालेली तितकं ती जास्त पाणी उचलते, म्हणून स्पंज तळालगत ठेवावा. त्याचा प्रवाह रुंद आणि संथ असतो, पिलं ओढली जात नाहीत, आणि यंत्र पाण्याबाहेर असतं. काचेच्या मागच्या कडेला टांगायचा हँगऑन आणि झाकणात बसणारा टॉप फिल्टर पाणी उचलून वरून सोडतात. पडणाऱ्या पाण्यानं पृष्ठभाग चांगला हलतो, पण शोषणारी नळी अर्ध्यावरच संपत असेल तर तळ तसाच राहतो, आणि तेवढ्यासाठी नळीला एक जोड लावून ती खाली न्यावी लागते. पॉवरहेड म्हणजे पाण्यात बुडणारी छोटी मोटर, एका अरुंद तोंडातून झोत मारणारी. तिची गंमत अशी की झोताच्या रेषेत पाणी धावतं आणि बाजूचे कोपरे जागचे हलत नाहीत. तोंडाला छिद्रांची आडवी नळी, म्हणजे स्प्रे बार, लावला की तोच जोर टाकीच्या रुंदीभर वाटला जातो. पॉवरहेडला हवेची बारीक नळी जोडून बुडबुडेही ओढता येतात. द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडायला जी व्हेंचुरी लावतात तिचंच हे छोटं भावंड : अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि बाजूची नळी आपोआप चोखू लागते.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात, ताशी लिटर आणि जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत पाणी चढेल ते मीटरमध्ये. विहिरीवर मोटर बसवणाऱ्याला 'हेड' काय असतं ते माहीत असतं, पण तोच माणूस फिशटँकचा पंप घेताना पहिला आकडा तेवढा वाचतो. तो आकडा शून्य उंचीचा आणि मोकळ्या नळीचा असतो. दुसऱ्या आकड्यातल्या उंचीला पोचलं की प्रवाह शून्य होतो, आणि मधल्या सगळ्या उंचींवर तो मधलाच कुठंतरी असतो. त्यात स्पंज बुजत आला की बऱ्याचदा निम्माही उरत नाही. खरा आकडा काढायला यंत्र लागत नाही. बाहेर पडणारं पाणी लिटरच्या मापात धरावं आणि घड्याळ बघावं. लिटर भरायला १२ सेकंद लागले तर ताशी ३०० लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत रेती-दगड वजा जाता साठेक लिटर पाणी मावतं, म्हणजे हा ताशी पाच फेरे देणारा पंप झाला. चार ते सहा फेऱ्यांचा जो प्रघात सांगतात त्यात तो बसतो. पण फेरे कागदावर पाच आणि कोपऱ्यात शून्य, असंही होतं. त्याची पारख करायची तर सुई काढलेल्या सिरिंजमध्ये खाण्याच्या रंगाचे एक-दोन थेंब पाण्यात मिसळून घ्यावेत आणि पंपापासून सर्वांत लांबच्या तळाच्या कोपऱ्यात हळूच सोडावेत. रंग दोरीसारखा लांबत पंपाकडे सरकू लागला तर फेर पुरा होतो आहे. ढगासारखा जागच्या जागी तरंगत राहिला तर तो कोपरा मेलेला आहे, मग पंप कितीही मोठा असो. बहुतेक वेळा दोष पंपाचा नसतोच. काचेला चिकटवलेला दगड, तळाला टेकलेला किल्ला किंवा प्लॅस्टिकच्या झाडांची दाट भिंत पाण्याची परतीची वाट अडवते. वरून गेलेलं पाणी समोरच्या काचेवर आपटून खाली वळतं आणि तळालगत परत येतं. ही खालची वाट मोकळी ठेवली की लहान पंपही पुरतो. चार-पाच फुटी टाकी असेल तर एका मोठ्या पंपापेक्षा दोन लहान पंप दोन टोकांना लावलेले बरे, एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

'जास्त प्रवाह म्हणजे नदीसारखं नैसर्गिक' हा तिसरा आक्षेप, आणि इथं मासा कुठला आहे ते पाहिल्याशिवाय बोलता येत नाही. नदीतला मासा म्हटला की डोळ्यांसमोर मळ्या यावा. विल्यम हेन्री साइक्सनं १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं मांडली तेव्हा या माशाला जे शास्त्रीय नाव दिलं, त्यात इथल्या लोकांच्या तोंडचं 'मुल्या'च ठेवलं. बोटभर ते वीतभर, काळपट, दंडगोल अंगाचा हा मासा. त्याच्या खालच्या ओठामागे मांसल चकती असते, तिनं तो दगड धरून बसतो आणि वाहत्या पाण्यात शेवाळ खरवडतो. पोट सपाट, छातीचे पर आडवे पसरलेले, म्हणजे पाणी वरून घसरून जावं अशी सगळी ठेवण. असा मासा ठेवायचा तर एका बाजूला खराखुरा जोराचा झोत हवाच. केरळच्या ओढ्यांतल्या डेनिसन बार्बलाही, ज्याला दुकानात 'मिस केरला' म्हणतात, पोहायला लांब टाकी आणि वाहतं पाणी लागतं. पण आपल्याकडच्या ओढ्यांची रीत बघितली पाहिजे. सातमाळाच्या उत्तरेचं पाणी गिरणेकडे आणि दक्षिणेचं गोदावरीकडे उतरतं, पावसाळ्यात दगड गडगडवत उतरतं, आणि हिवाळा सरता सरता बहुतेक ओढ्यांत नुसते डोह उरतात. इथला मासा वर्षातले काही महिने धारेत आणि उरलेले डोहात काढतो, आणि धारेतही तो सतत धारेशी झुंजत नसतो. दगडाच्या आडोशाला थांबतो, खाण्यापुरता बाहेर येतो. म्हणून झोत दिला तरी आडोसा द्यायलाच हवा. आणि आपल्या टाक्यांमधले बहुसंख्य मासे तर ओढ्याचे नाहीतच. फायटर आणि गुरामी भातखाचरांच्या, दलदलीच्या संथ पाण्यातले. त्यांना हवेतला ऑक्सिजन घेणारं जादा इंद्रिय असतं, आपल्याकडचे मरळ-मागूर जसे हवेवर तग धरतात तसं. फायटरच्या लांब परांना पॉवरहेडचा झोत म्हणजे दिवसभराची शिक्षा. तो मासा कोपऱ्यात झाडाला टेकून बसलेला दिसला तर तो आळशी नाही, दमला आहे. त्याच्यासाठी एअर पंपाची हवा चिमटा लावून कमी करावी किंवा फिल्टरच्या तोंडावर स्पंजचा तुकडा बसवावा.

मोठ्या पंपाविरुद्ध आणखी एक कारण आहे, त्याचा विचार क्वचित होतो. पाण्यात बुडालेली मोटर जेवढी वीज खाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. स्वस्त पडतो म्हणून कूलरचा १८ वॉटचा पंप साठ लिटरच्या टाकीत टाकणारे आहेत. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर तो पाणी तासाला पाव अंशानं तापवतो. प्रत्यक्षात काचेतून नि पृष्ठभागावरून बरीच निघून जाते, तरी मे महिन्यात हा आहेर कुणाला हवा? शिवाय हे पंप माणसाचा हात रोज ज्या पाण्यात जातो त्यासाठी बनवलेले नसतात. वायर जुनी झाली, अर्थिंग नीट नसलं, तर धोका माशाला कमी नि माणसाला जास्त. कुठलाही बुडता पंप असो, हात घालण्याआधी बटण बंद करायचं आणि घराच्या बोर्डात गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी असावा, यात तडजोड नको. उलट पृष्ठभागाची हालचाल पाणी गारही करते. चांदवडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, आणि एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा सुमारे २४०० किलोज्युल उष्णता घेऊन जातं. साठ लिटर पाणी साडेनऊ अंशांनी निववायला पुरेल एवढी ती असते. माठाचं तत्त्वच हे. झाकण काढून वर जाळी लावली आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला, तर दुपारची दोन-तीन अंशांची वाढ टळू शकते. मात्र उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. बेसॉल्टमधल्या बोअरच्या जड पाण्यानंच रोज भर घातली तर महिन्याभरात पाणी आणखी जड होतं, म्हणून उडालेल्या पाण्याची भर शक्यतो साठवलेल्या पावसाच्या किंवा पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्यानं करावी. आणि प्रवाह चांगला आहे म्हणून पाणी बदलायचं टाळता येत नाही. टंचाईच्या दिवसांत हा मोह फार होतो. फिल्टरमधले जिवाणू विषारी अमोनियाचं नायट्रेट करतात, पण नायट्रेट फिरत राहतं, जात नाही. ते काढायला पाणीच काढावं लागतं, आणि ते कुंड्यांना उत्तम.

शेवटी वीज. याच जिवाणूंना एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन हाताळायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तो त्यांना फक्त वाहतं पाणी आणून देतं. वीज गेली की मासे वर येऊन कसेबसे निभावतात, फिल्टरमधल्या जिवाणूंना तीही सोय नसते. म्हणून भारनियमनाच्या भागात चार-पाच वॉटच्या एअर पंपाचं पारडं पुन्हा जड होतं. महिन्याला तीन-साडेतीन युनिट खाणारा हा पंप घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो, नाहीतर पॉवर बँकवर चालणारे छोटे पंप मिळतात. तो टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, किंवा नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून जमिनीवर. वीज नसताना खाद्य टाकू नये. उपास माशाला बाधत नाही, कुजणारं खाद्य बाधतं. फारच वेळ गेला तर मगानं पाणी काढून हातभर उंचीवरून धार धरावी. पाच मिनिटं असं केलं की फेर होतो. आणि बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल, तो पाच-सहा तास बंद राहिला असेल, तर वीज आल्यावर थेट चालू करू नये. आतल्या कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपून ते सडलेलं असतं. नळी बादलीत धरून पहिलं काळपट, वासाचं पाणी ओतून द्यावं, स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्यावा, नि मगच नळी टाकीत सोडावी.